नजर चुकवली म्हणजे चोर? ऑटिझम, एडीएचडी आणि पोलीस ठाण्यातला पहिला तास

चोराच्या मनात चांदणं, अशी आपली म्हण आहे. जो गडबडतो, नजर चुकवतो, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार, असं आपण धरून चालतो. सोसायटीचा वॉचमन धरतो, टीसी धरतो, पोलीस धरतात. न्यायाधीशसुद्धा साक्षीदाराच्या हावभावांची नोंद घेऊ शकतात, कायद्यानंच ती मुभा दिली आहे. पण काही माणसं जन्मापासून नजर चुकवतात, अगदी आईशी बोलतानाही. त्यांचं काय करायचं, याचा विचार आपल्या व्यवस्थेत अर्धामुर्धाच झाला आहे.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या दिव्यांग कैद्यांबद्दल सविस्तर निकाल दिला. त्यामुळे हा विषय अधूनमधून बातम्यांत येतो. बातम्यांत कलमं असतात. ठाणे शहरात किंवा नेरूळमध्ये राहणाऱ्या एखाद्या घरावर प्रत्यक्ष वेळ आली तर काय होतं, ते त्यातून कळत नाही. तिथूनच सुरुवात करू.

आधी, ही माणसं कोण?

ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्य लोकांपेक्षा वेगळी असते, त्यांना हल्ली ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला आवरण्यात येणारी अडचण, वाचन-लेखन कठीण करणारा डिस्लेक्सिया, बौद्धिक अक्षमता, हे सगळं या एका छत्रीखाली येतं. हा मानसिक आजार नव्हे. आजार येतो आणि उपचारांनी जातो किंवा आटोक्यात राहतो. ही घडण मात्र जन्मभराची असते.

दिव्यांग व्यक्तींच्या 2016 च्या हक्क कायद्यात 21 प्रकार दिले आहेत. त्यांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, बौद्धिक अक्षमता आहे. एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे फक्त एडीएचडी असलेल्या माणसाच्या हाती प्रमाणपत्र येत नाही. आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या किती जणांना शाळेत ‘वेंधळा’, ‘घुम्या’, ‘ढ’ एवढंच निदान मिळालं, ते आपल्या वर्गातले मागचे बाक आठवले तरी कळेल.

दहा नंबर प्लॅटफॉर्मवरचा मुलगा

समजा, कळव्याचा एकवीस वर्षांचा एक मुलगा आहे. ऑटिस्टिक आहे, बोलतो, आयटीआयला जातो. त्याला लोकल गाड्यांचं वेड. संध्याकाळी ठाणे स्टेशनात दहा नंबरवर उभा राहून वाशी-पनवेलच्या गाड्यांचे व्हिडिओ काढतो. एक दिवस गाडीसमोर उभ्या असलेल्या बाईला वाटतं, हा माझाच व्हिडिओ काढतोय. तिचं तसं वाटणं अगदी रास्त आहे, स्टेशनावर बायकांना रोज काय काय सोसावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. ती ओरडते. पाच-पंचवीस माणसं जमतात, कुणीतरी कॉलर धरतं, आणि मुलगा लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यात पोहोचतो.

तिथे डोक्यावर करकरणारा पंखा, वायरलेसची खरखर, बाहेर अनाउन्समेंट, समोर एकाच वेळी बोलणारी चार माणसं. आपला मेंदू यातलं नको ते आपोआप मागे ढकलतो. त्याचा ढकलत नाही, सगळं सारख्याच जोरानं आत येतं. तो कानावर हात ठेवतो, पुढेमागे झुलायला लागतो. हवालदाराला वाटतं, नाटक करतोय.

आता प्रश्नोत्तरं बघा.

“व्हिडिओ काढलास?”
“काढला.”
“या बाई आहेत त्यात?”
“आहेत.”
“मुद्दाम काढलास?”
“हो, मुद्दाम.”
“परत करशील?”
“हो, उद्या.”

एकही उत्तर खोटं नाही. व्हिडिओ त्यानं काढला, बाई चौकटीत आल्या, बोटानं बटण मुद्दामच दाबलं, आणि उद्याही गाडी येणार आहे. ‘मुद्दाम’ म्हणजे ‘बाईंचा विनयभंग करण्याच्या हेतूनं’, हा न बोललेला अर्थ आपण आपसूक ऐकतो. तो ऐकत नाही. त्याच्यासाठी शब्दाला जेवढा अर्थ असतो तेवढाच असतो. ठाणे अंमलदाराला मात्र समोर निर्ढावलेला पोरगा दिसतो, चक्क उद्या पुन्हा करीन म्हणणारा.

एवढ्यात कुणी त्याला खांद्याला धरून बसवायला जातं. आवाजानं आधीच त्याची सहनशक्ती संपत आलेली, त्यात अनोळखी स्पर्श. तो हात झटकतो, तो हात लागतो शिपायाच्या तोंडाला. आता मूळ तक्रार बाजूला राहते आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचं कलम येतं, जुन्या भारतीय दंड संहितेचं 353, आता भारतीय न्याय संहितेचं 132. आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. फोन मुद्देमाल म्हणून जप्त होतो. हा मुलगा बोलतो म्हणून त्याचं तेवढ्यावर भागतं. जे बोलत नाहीत, त्यांच्यातले काही जण फोन-टॅबवरच्या ॲपवर चित्रं दाबून बोलतात. ‘आवाझ’ नावाचं असं ॲप चेन्नईत तयार झालं आहे. त्यांचा फोन काढून घेतला की जीभच काढून घेतल्यासारखं होतं.

याच ठाण्यात कुणी त्याला बाजूच्या शांत खोलीत नेऊन, एका वेळी एकच प्रश्न विचारून, “त्या व्हिडिओत तुला काय बघायचं होतं?” असं विचारलं असतं, तर गाड्यांच्या नंबरांची यादीच मिळाली असती. फोनमध्ये शेकडो गाड्या दिसल्या असत्या. बाईंचीही खात्री पटली असती, किंवा नसती पटली तर तिची तक्रार नीट पुराव्यानिशी पुढे गेली असती. तिला न्याय मिळण्यासाठीही हीच पद्धत बरी.

“हो साहेब” म्हणजे कबुली का?

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही. हा जुना आणि शहाणा नियम आहे, नव्या साक्ष अधिनियमात तो कलम 23 मध्ये कायम आहे. पण त्याला एक खिडकी आहे. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. शिवाय दंडाधिकाऱ्यांसमोरची कबुली चालते. तिथे दंडाधिकारी आधी बजावतात, “कबुली द्यायची तुझ्यावर सक्ती नाही, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, समजलं का?” बौद्धिक अक्षमता असलेला माणूस आयुष्यभर एक गोष्ट शिकलेला असतो: “समजलं का?” या प्रश्नाला “हो” म्हटलं की समोरचा रागवायचा थांबतो. म्हणून तो हो म्हणतो. काही ऑटिस्टिक माणसं प्रश्नाचे शेवटचे शब्दच परत उच्चारतात. “तू मारलंस?” “मारलंस.” लिहिणारा लिहून मोकळा.

हे कल्पनेतलं नाही. लंडनमध्ये 1972 साली एका खुनाच्या तपासात तीन मुलांनी कबुली दिली. त्यांतल्या अठरा वर्षांच्या मुलाचं बौद्धिक वय आठच्या आसपास होतं. तिघांना दोषी ठरवलं गेलं, आणि 1975 मध्ये अपिलात कबुल्या टिकल्या नाहीत, तिघेही सुटले. त्या प्रकरणाची चौकशी झाली, आणि पुढे 1984 च्या तिथल्या पोलीस कायद्यातून एक सोय पक्की झाली. पटकन गोंधळणाऱ्या प्रौढ माणसाची चौकशी करायची असेल, तर पोलिसांनी एका तिऱ्हाईत प्रौढाला सोबत बसवायचं. तो वकील नसतो, कायद्याचा सल्ला देत नाही. प्रश्न समजतोय का आणि उत्तर दडपणाखाली येतंय का, एवढंच तो पाहतो. पोलिसांना थांबवायची मुभा त्याला असते. साधीशी व्यवस्था आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात आधी आणायची असेल तर हीच.

आपला कायदा काय देतो?

बरंच देतो, पण कुणाला, ते पाहायला हवं.

लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी व्यक्ती दिव्यांग असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षक सोबत ठेवून नोंदवायची आणि त्याचं चित्रीकरण करायचं. कलम 183 प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोरचा तिचा असा जबाब सरतपासणी म्हणूनच धरायचा, म्हणजे तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायला नको. साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचं असेल, तर कलम 179 प्रमाणे दिव्यांग माणसाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्याच्या घरी जायचं. सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये पटन जमाल वली खटल्यात स्पष्ट सांगितलं की दिव्यांग व्यक्तीची साक्ष केवळ दिव्यांग म्हणून दुय्यम मानायची नाही. 2022 मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात जिल्ह्याजिल्ह्यांत असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळं साक्ष केंद्र उभारायचे आदेश झाले, जिथे आरोपीचं तोंड न बघता, निवांत जागी साक्ष देता येते. त्यांत मानसिक आजार आणि दिव्यांगत्व असलेले साक्षीदारही येतात.

हे सगळं पीडितांसाठी आणि साक्षीदारांसाठी. दहा नंबरवरचा तो मुलगा आरोपीच्या बाकावर बसलेला आहे. त्याच्यासाठी विशेष शिक्षक बोलवा, असं या तरतुदी सांगत नाहीत. त्याच सुरक्षा संहितेच्या कलम 38 प्रमाणे चौकशीदरम्यान त्याला आपल्या वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसणार नाही. कलम 48 प्रमाणे अटकेची खबर नातेवाइकांना द्यावीच लागते. हे हक्क सगळ्यांनाच आहेत. त्याच्यासाठी म्हणून खास कोणता दरवाजा उघडा आहे? एकच, वेडसरपणाचा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 प्रमाणे, मनोविकलतेमुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. बहुतेक ऑटिस्टिक किंवा एडीएचडी असलेल्या माणसांना चोरी चूक असते हे आपल्याइतकंच कळतं, कधी कधी जास्तच कळतं. सिग्नल मोडणाऱ्या रिक्षावाल्याशी भांडणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना या दरवाजातून नेणं चूकही आहे आणि धोक्याचंही. खटला चालवायला असमर्थ ठरवून बाजूला ठेवलेला माणूस कसा विसरला जाऊ शकतो, ते आसामच्या माचांग लालुंगनं भोगलं. 1951 मध्ये त्याला पकडलं, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं, आणि खटला न चालताच तो सुटला 2005 मध्ये. आपल्या ठाणे शहरातही 1901 पासूनचं मनोरुग्णालय आहे आणि कोर्टं तपासणीसाठी तिथे माणसं पाठवतात. ती तपासणी मानसिक आजारासाठी उपयोगाची. ज्याला फक्त सोपा प्रश्न आणि शांत खोली हवी होती, त्याला तिथे पाठवून काय साधणार?

मग आरोपीला कशाचा आधार? 2016 च्या हक्क कायद्याचं कलम 12. दिव्यांग व्यक्तीला कोणत्याही कोर्टात, कोणत्याही चौकशी करणाऱ्या यंत्रणेपुढे भेदभावाशिवाय न्याय मागता आला पाहिजे, आणि तिचं म्हणणं तिला जमेल त्या भाषेत, त्या साधनानं नोंदवण्याची सोय केली पाहिजे, असं ते सांगतं. ते पीडित-आरोपी असा फरक करत नाही. वकिलांनी रिमांडच्या पहिल्याच अर्जात हे कलम लिहावं.

“म्हणजे यांना सवलत द्यायची?”

कोर्टनाक्याला एखादा तमिळ बोलणारा माणूस उभा राहिला, तर त्याला दुभाषी मिळतो. त्याला कुणी सवलत म्हणत नाही. दुभाषी असला म्हणून तो सुटत नाही, आणि नसता म्हणून अडकला असता तर आपल्यालाच लाज वाटली असती. शांत खोली, छोटे प्रश्न, ओळखीचं माणूस शेजारी, मधे थांबायची मुभा, हे त्या दुभाष्याच्या जातीचं आहे. दोष ठरवायचा कस तोच राहतो. गुन्हा केला असेल तर शिक्षा होईल, व्हायलाच हवी.

“उद्या कुणीही ऑटिझम सांगून सुटेल”

ही शंका प्रत्येक वेळी येते, आणि ती विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. खोट्या प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण वाचतो. पण ऑटिझम अटकेच्या दिवशी सुरू होत नाही. शाळेचे दाखले, दहावीला घेतलेली लेखनिकाची परवानगी, थेरपीच्या फायली, युडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, हे सगळं वर्षानुवर्षं साठलेलं असतं. आणि खोटं बोलून मिळणार काय, तर सोपा प्रश्न आणि वीस मिनिटं जास्त. त्यानं कुणी सुटत नाही.

“पोलिसांना एवढा वेळ कुठे आहे?”

नाहीये, हे खरं आहे. बंदोबस्त, व्हीआयपी, गणपती, आणि त्यात अपुरं मनुष्यबळ. पण चुकीच्या जबाबावर उभी राहिलेली केस कोर्टात कोसळते, तेव्हा गेलेले महिने कुणी मोजत नाही. आणि अशा गोंधळात खरा गुन्हेगार असलाच, तर तो मोकळा फिरतो. शिवाय सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत दरवेळी अटक करायची गरजच नसते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 प्रमाणे नोटीस देऊन बोलावता येतं. रात्री कोठडीत ठेवण्यापेक्षा आईबरोबर घरी पाठवून सकाळी बोलावणं पोलिसांनाही सोपं.

“आणि यांच्यावर अन्याय झाला तर?”

तो जास्त होतो, आणि त्याची वाच्यता कमी होते. भोळेपणाचा फायदा घेऊन कुणाच्या नावावर सिमकार्ड घेतलं जातं, कुणाच्या खात्यातून पैसे फिरवले जातात, लैंगिक अत्याचार होतात. सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये ठरवलं की पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात ‘बालक’ म्हणजे शरीराच्या वयानं अठराखालचं. 38 वर्षांच्या, पण बौद्धिक वय सहा ते आठच्या दरम्यान असलेल्या स्त्रीला तो कायदा लागू झाला नाही. निकाल कायद्याच्या अक्षराला धरून होता. तो वाचून पालकांच्या पोटात गोळा येतो, तेही खरंच. अशा प्रकरणात वर सांगितलेली कलम 173 आणि 183 ची सोय नुसती मागायची नाही, आग्रहानं घ्यायची.

तारखा, जामीन आणि तळोजा

एडीएचडीचं सगळ्यात मोठं नुकसान पोलीस ठाण्यात होत नाही, तारखेला होतं. तुरुंगांत एडीएचडी असलेल्यांचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. इंग्लंड-वेल्सच्या तपासणी संस्थांनी 2021 च्या अहवालात अंदाज दिला की तुरुंगात येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या मेंदूची घडण अशी वेगळी असू शकते. आवेगात हातून काही घडणं हा एक भाग. दुसरा भाग अगदी किरकोळ दिसतो: तारीख विसरणं. बेलापूरच्या कोर्टात अकराला हजर राहायचं, ते लक्षात राहिलं दुपारी तीनला. वॉरंट निघतं, जामीन रद्द व्हायची वेळ येते. आपल्या देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 75 टक्के कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. त्यांत केवळ तारीख चुकल्यामुळे आणखी एकाची भर कशाला? ई-कोर्ट्सचं ॲप फोनवर आहे, पुढची तारीख त्यात दिसते. घरातल्या दोघांच्या फोनवर ते असावं.

तुरुंगाच्या आतलं आयुष्य तर नियमांवरच चालतं, आणि ते नियम बहुधा ओरडून सांगितले जातात. तळोजा कारागृहात एल्गार परिषद प्रकरणातले कैदी फादर स्टॅन स्वामी यांना पार्किन्सनमुळे पेला धरता येत नव्हता. नोव्हेंबर 2020 मध्ये स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. पार्किन्सन हा वेगळा आजार आहे, ऑटिझमशी त्याचा संबंध नाही. पण एका साध्या सोयीसाठी किती कागद फिरवावे लागतात, ते यातून दिसलं. जुलै 2025 च्या निकालात, तमिळनाडूतल्या एका दिव्यांग वकिलाच्या प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कैदी आत येतानाच त्याचं दिव्यांगत्व ओळखून नोंदवायचं आणि तुरुंगाचे नियम त्याला समजतील अशा रूपात द्यायचे, त्यात सोपी भाषाही आली. ज्याला जेवणाची रांग बदलली तरी घाम फुटतो, त्याच्यासाठी भिंतीवर लावलेलं दिवसाचं वेळापत्रकसुद्धा मोठा आधार असतो.

घरी आज काय करता येईल

नेरूळच्या एका आईनं मुलाच्या बॅगेत पोस्टकार्डाएवढा लॅमिनेट केलेला कागद ठेवला आहे. त्यावर मराठी-हिंदीत सहा ओळी आहेत: मी ऑटिस्टिक आहे. मला हात लावू नका, मी पळून जाणार नाही. एका वेळी एक प्रश्न विचारा. मी घाबरलो की तुमचेच शब्द परत म्हणतो, ती माझी कबुली नाही. माझ्या आईला फोन करा. खाली नंबर. असा कागद आणि युडीआयडी कार्डाची झेरॉक्स खिशात असू द्या.

मुलाला, तो पस्तिशीचा असला तरी, दोन वाक्यं पाठ करून घ्या: “मला वकील हवा” आणि “मला समजलं नाही.” दुसरं जास्त कठीण जातं, कारण शाळेत ते म्हटल्यावर ओरडा मिळालेला असतो. सोसायटीच्या वॉचमनशी, जवळच्या चौकीतल्या बीट हवालदाराशी एकदा ओळख करून द्या, गरज पडण्याआधी. पोलीस ठाण्यातून फोन आला तर पोहोचल्याबरोबर ठाणे अंमलदाराला मुलाच्या दिव्यांगत्वाची नोंद स्टेशन डायरीत घ्यायला सांगा आणि त्याच मजकुराचा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ठाण्यांत सीसीटीव्ही लावायचे आदेश सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2020 मध्ये दिले आहेत. पुढे वाद झाला तर ते फुटेज जपून ठेवण्याची मागणी लगेच करा, नंतर ते पुसलं जातं.

वकील परवडत नसेल, किंवा परवडत असूनही रात्री मिळत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अट लागत नाही. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, त्यांनी ठाण्याच्या प्राधिकरणाकडे जायचं. खारघर, कळंबोली, तळोजा यांचे पोलीस नवी मुंबईचे असले तरी जिल्हा रायगड आहे, म्हणजे काम पनवेल-अलिबागकडे. या घोळात लोक एक अख्खा दिवस घालवतात. 15100 हा विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक मात्र खाडीच्या दोन्ही बाजूंना तोच आहे.